लॅपटॉपवर निमूट चालणारा प्रोग्राम अँड्रॉइड फोनवर नेला की नेटवर्क का सापडत नाही?

भट्टीकाठ
शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी देखभालीचे काम पाहतो. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून फिरणाऱ्या पाण्याचे तापमान आणि दाब यांच्यावर आम्हाला सतत लक्ष ठेवावे लागते. हे आकडे एक ईएसपी-३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा नियंत्रक) गोळा करतो. तो स्वतःचेच वायफाय सुरू करतो, त्याचा पत्ता १९२.१६८.४.१ असतो आणि ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारावर) मॉडबस टीसीपी या कारखान्यांतल्या यंत्रांच्या बोलीने तो वाचता येतो. आमच्या एका सहकाऱ्याने गो भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तो बोर्डाकडून आकडे घेतो, त्यांवर थोडी आकडेमोड करतो आणि एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने उद्यमनगरातल्या कार्यालयाच्या सर्व्हरकडे पाठवतो. लिनक्स लॅपटॉपवर हा प्रोग्राम विनातक्रार चालतो. तिथे बोर्डासाठी वायफाय आणि बाहेरच्या जगासाठी केबल अशी सोय होती.

लॅपटॉप दुसऱ्या कामाला लागल्यामुळे त्याच्या जागी एक जुना अँड्रॉइड १३ चा फोन बसवला. त्यात सिमकार्ड आहे, टर्मक्स (लिनक्सच्या आज्ञा चालवणारे ॲप) आहे, आणि प्रोग्राम लॅपटॉपवरच एआरएम-६४ साठी, म्हणजे फोनच्या प्रोसेसरसाठी, बांधून फोनवर उतरवला आहे. आता अडचणी अशा. सर्व्हरचे नाव दिले की ‘[::१]:५३ – कनेक्शन रिफ्यूज्ड’ अशी चूक येते, मात्र त्याच फोनच्या क्रोममध्ये तेच नाव बिनदिक्कत उघडते. नावाऐवजी आयपी पत्ता दिला, तर कधी बोर्ड सापडतो पण सर्व्हर सापडत नाही, आणि कधी बरोबर याच्या उलट होते. आणि दुसरी पाळी सुटल्यानंतर केव्हातरी सगळेच थांबते. कधी टर्मक्समध्ये ‘सिग्नल ९’ असे लिहिलेले दिसते, तर कधी प्रोग्राम चालू दिसतो पण आकडे पोहोचत नाहीत.

दोष प्रोग्रामचा, टर्मक्सचा की फोनचा, हे कसे ठरवावे?

कळंबा तलाव
फोन बंद करून पुन्हा सुरू केलात का? (कोणीतरी हे विचारणारच होते, म्हणून मीच विचारून घेतले.)

राजारामपुरी सातवी गल्ली
रास्पबेरी पाय घ्या आणि या भानगडीतून मोकळे व्हा. ज्या यंत्रणेची घडण माणसाच्या हातात राहण्यासाठी झाली आहे, तिच्याकडून कारखान्यातल्या चौकीदाराचे काम करून घेण्याचा हट्ट मला समजत नाही.

भट्टीकाठ
सातवी गल्ली, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण फोनमध्ये बॅटरी आहे, म्हणजे वीज गेली तरी तो चालतो. आणि सिमकार्ड आहे, म्हणजे मोडेम वेगळा घ्यायला नको. पायला या दोन्ही गोष्टी जोडल्या की खर्च वाढतो, आणि साहेबांचे उत्तर मला आधीच ठाऊक आहे.

जुनी वायर
तुमच्या तीनही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्या एका गाठोड्यात बांधू नका. मी फक्त नावाच्या अडचणीबद्दल लिहितो.

अँड्रॉइडमध्ये लिनक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) आहे, पण त्यावरचे घर वेगळे आहे. नेहमीच्या लिनक्समध्ये ग्लिबसी ही सी लायब्ररी असते आणि नावे कोणाला विचारायची हे ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत लिहिलेले असते. अँड्रॉइडमध्ये ग्लिबसीच्या जागी बायॉनिक आहे आणि ही फाइल नाहीच. एखाद्या ॲपला नावाचा पत्ता हवा असेल, तर बायॉनिक ती विनंती ‘नेटडी’ नावाच्या सेवेकडे देते. सध्या कोणते नेटवर्क वापरात आहे, त्याचे डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) कोणते आणि प्रायव्हेट डीएनएस (ही विचारणा गुप्त ठेवणारी सोय) सुरू आहे का, हे सगळे त्या सेवेला माहीत असते. क्रोम या वाटेने जातो, म्हणून त्याला नाव सापडते.

तुमचा प्रोग्राम लॅपटॉपवर ‘लिनक्स’ हे लक्ष्य ठेवून, सी-गो (सी लायब्ररी वापरण्याची गोची सोय) बंद ठेवून बांधला गेला असणार. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधताना गो ते आपणहून बंदच ठेवते. अशा प्रोग्राममध्ये गोचा स्वतःचा नावे शोधणारा भाग असतो. तो ती फाइल शोधतो, ती न मिळाल्यावर डीएनएस सर्व्हर याच यंत्रावर आहे असे गृहीत धरतो आणि ५३ क्रमांकाचे दार ठोठावतो. फोनवर त्या दारामागे कोणीच नाही. ‘रिफ्यूज्ड’चा अर्थ एवढाच, त्यामुळे तुमच्या कार्यालयाच्या सर्व्हरला बोल लावू नका.

उपाय म्हणून प्रोग्राम फोनवरच, टर्मक्समध्ये गो बसवून बांधा, किंवा लॅपटॉपवर अँड्रॉइडचे एनडीके (बांधणीची साधने) वापरून ‘अँड्रॉइड’ हे लक्ष्य देऊन बांधा. मग तो बायॉनिकमार्फत नावे विचारील. याचा आणखी एक फायदा आहे. अँड्रॉइड ८ पासून ॲपना काही सिस्टिम कॉल (कर्नलकडच्या मागण्या) मनाई आहेत आणि ‘लिनक्स’ म्हणून बांधलेला गो प्रोग्राम दुसरा एखादा प्रोग्राम सुरू करायला गेला की कधीकधी ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणून जागीच कोसळतो. अँड्रॉइडसाठी बांधलेला प्रोग्राम तो कॉल टाळतो.

पन्हाळ्यावरून
एवढे सगळे पुन्हा बांधायची गरज नाही. टर्मक्समध्ये ‘टर्मक्स-क्रूट’ नावाची आज्ञा आहे. तिच्यातून प्रोग्राम सुरू केला की टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ त्याला नेहमीच्या जागी दिसते. दोन मिनिटांचे काम आहे.

जुनी वायर
काम होईल, पण त्या फाइलीत काय आहे ते उघडून पाहा. तिथे गुगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे पत्ते कायमचे लिहिलेले असतात. कार्यालयाच्या सर्व्हरचे नाव फक्त त्यांच्या आतल्या डीएनएसला माहीत असेल, तर गुगल ते कुठून सांगणार? शिवाय फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावले असेल, तर हा प्रोग्राम त्याला वळसा घालून उघड्यावर विचारत राहील. दोष कुठे आहे हे पारखण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे, पण कायमची व्यवस्था म्हणून मी ती ठेवणार नाही.

पन्हाळ्यावरून
मान्य. आमच्याकडे नावे सगळी उघड इंटरनेटवरची असल्यामुळे कधी अडले नाही.

याच जातीचा आणखी एक अनुभव सांगतो. रूट केलेल्या (पूर्ण अधिकार मिळवलेल्या) जुन्या फोनवर डेबियन हे लिनक्स टाकले होते. रूट म्हणून सगळे चालायचे, पण ‘ॲप्ट’ या आज्ञेने काही उतरवायला गेले की नाव सापडत नाही अशी तक्रार यायची. जुन्या अँड्रॉइड कर्नलमध्ये सॉकेट (नेटवर्क जोडणीचे टोक) उघडण्याचा हक्क ३००३ क्रमांकाच्या गटातल्यांनाच असतो आणि ॲप्ट उतरवण्याचे काम स्वतःच्या वेगळ्या, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावाने करते. त्या वापरकर्त्याला या गटात घातले आणि तक्रार संपली. चूक दिसते ती नावाची, आणि अडलेले असते ते परवानगीत.

उद्यमनगरी
दुसऱ्या अडचणीवर लिहितो, कारण या धाग्यातली खरी गाठ तिथे आहे.

लॅपटॉपवर एकच राउटिंग तक्ता (कोणता पत्ता कोणत्या वाटेने हे सांगणारा) असतो. १९२.१६८.४ ने सुरू होणारे पत्ते वायफायकडे आणि उरलेले सगळे केबलकडे, अशी वाटणी तिथे आपोआप होते. अँड्रॉइडने ५.० पासून (२०१४) वेगळी पद्धत धरली आहे. वायफायचा तक्ता वेगळा, मोबाइल डेटाचा वेगळा, आणि कोणत्याही क्षणी यांपैकी एक नेटवर्क ‘मुख्य’ असते. प्रोग्रामने काहीच सांगितले नाही, तर त्याची सगळी सॉकेटे मुख्य नेटवर्कच्या तक्त्याने जातात. मोबाइल डेटा मुख्य असताना तुमचा प्रोग्राम १९२.१६८.४.१ ला हाक मारतो, तेव्हा ती हाक बोर्ड हाताच्या अंतरावर असूनही मोबाइल कंपनीच्या टॉवरकडे जाते आणि तिथेच विरते.

मग कधी असे आणि कधी तसे का? वायफाय जोडले की फोन एका ठरलेल्या पानाला विनंती पाठवून २०४ हे उत्तर येते का पाहतो. तुमच्या बोर्डामागे इंटरनेट नाही, त्यामुळे ते उत्तर येत नाही, मोबाइल डेटा मुख्य राहतो, सर्व्हर सापडतो आणि बोर्ड सापडत नाही. त्याच वेळी ‘या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले ठेवायचे का?’ अशी सूचना येते. पाळीवरच्या कोणी तिला ‘होय’ म्हटले की वायफाय मुख्य होते, बोर्ड सापडू लागतो आणि सर्व्हर हरवतो. डेव्हलपर पर्यायांतला ‘मोबाइल डेटा सतत सुरू’ हा खटका याला उपयोगी नाही. तो डेटा जागा ठेवतो, पण मुख्य कोण हे ठरवत नाही.

पारख सोपी आहे. मोबाइल डेटा बंद करून बोर्ड वाचून पाहा, मग वायफाय बंद करून सर्व्हर गाठून पाहा. दोन्ही स्वतंत्रपणे जमले, तर तुमचा प्रोग्राम निर्दोष आहे.

पाचगाव
पण टर्मक्समध्ये ‘आयपी’ची आज्ञा देऊन कोणता पत्ता कोणत्या वाटेने जातो हे थेट पाहता येईल ना? पिंग तर चालतेच.

उद्यमनगरी
अँड्रॉइड १३ वर ती आज्ञा ‘कॅनॉट बाइंड नेटलिंक सॉकेट, परमिशन डिनाइड’ असे म्हणून हात वर करील. अँड्रॉइड १० पासून ‘प्रॉक’ या सिस्टिम फोल्डरमधला नेटवर्कचा भागही ॲपना बंद आहे, त्यामुळे ‘नेटस्टॅट’ रिकाम्या हाताने परत येते. पोर्ट तपासणारे एनमॅप चालते, पण रूट नसेल तर त्याला कच्चे सॉकेट मिळत नाही, म्हणून पूर्ण जोडणी करून पाहण्याचा साधा प्रकारच वापरता येतो. पॅकेट टिपणाऱ्या टीसीपीडंपचे तर नावच नको. ही साधने बिघडलेली नाहीत, ज्या खिडकीतून ती पाहायची ती खिडकीच बुजवली आहे. दुसऱ्या यंत्रणेवरून आणलेल्या साधनाने ‘काही नाही’ असे सांगितले, तर ते खरोखर नाही की त्याला दिसत नाही, हे आधी विचारावे.

रूट नसताना पॅकेट पाहायचे असतील, तर पीसीएपीड्रॉइडसारखे ॲप घ्या. ते फोनच्या व्हीपीएन सोयीचा आधार घेऊन आपल्याच फोनमधली वाहतूक स्वतःमधून नेते आणि फाइलीत साठवते. ती फाइल संगणकावरच्या वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडता येते. मात्र अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालते, त्यामुळे तुमचे खरे व्हीपीएन तेवढा वेळ बंद राहील, आणि मध्ये हा पाहुणा बसला की वाहतुकीची वाटही थोडी बदलते.

इचलकरंजीचा माग
आमच्याकडे यंत्रमागांचे पिक (कापडातले आडवे धागे) मोजणारे बोर्ड आणि एक टॅबलेट अशी मांडणी आहे, आणि हाच लपंडाव आम्हीही खेळलो आहोत. आम्ही सॉफ्टवेअरला हात न लावता सिमकार्डचा छोटा राउटर आणला आणि बोर्ड व टॅबलेट दोघांनाही त्याच्या वायफायवर घेतले. नेटवर्क एकच उरल्यावर मुख्य कोण हा तंटाच मिटला.

जुनी वायर
हा उपाय चालतो, पण मग सिमकार्ड राउटरमध्ये जाते आणि राउटरला वेगळी बॅटरी लागते. मूळ हिशेबच कोसळतो.

नीट मार्ग हवा असेल, तर टर्मक्स सोडून छोटे ॲप करावे लागेल. ॲपला अँड्रॉइडकडून वायफायचे नेटवर्क मागून घेता येते आणि बोर्डाकडे जाणारे एकेक सॉकेट त्या नेटवर्कला बांधता येते. बाकीची सॉकेटे मोबाइल डेटावरच राहतात. एनडीकेमध्ये यासाठीचे फंक्शन अँड्रॉइड ६ पासून आहे, आणि गोमध्ये जोडणी उघडण्याआधी सॉकेट हाती घेण्याची सोय आहे, त्यामुळे दोन्हींची सांगड बसते. स्मार्ट बल्बची ॲप्स घरात प्रथम जोडणी करताना हेच करतात.

कळंबा तलाव
पाण्याचे तापमान बघायला निघालेला माणूस ॲप डेव्हलपर होऊन परत येणार. नाद खुळा.

मोडेम मावशी
तिसऱ्या अडचणीबद्दल. ‘सिग्नल ९’ म्हणजे कोणीतरी बाहेरून मारले. अँड्रॉइड १२ पासून ॲपने जन्माला घातलेल्या उपप्रक्रियांवर पाळत असते. सगळ्या ॲपच्या मिळून ३२ पेक्षा जास्त झाल्या, किंवा एखादी फार सीपीयू खाऊ लागली, तर फोन त्या संपवतो. तुमचा प्रोग्राम एकटा असेल तर ३२ होणार नाहीत, पण त्याच्याभोवती शेल स्क्रिप्ट गुंडाळली आहे का? दर वाचनाला नवी आज्ञा सुरू करणारी स्क्रिप्ट असेल, तर तीच संशयित. अँड्रॉइड १४ मध्ये ही पाळत थांबवण्याचा खटका डेव्हलपर पर्यायांत आहे. १३ वर फोन संगणकाला जोडून एडीबी या साधनाने ती सेटिंग बदलावी लागते.

‘चालू दिसते पण आकडे येत नाहीत’ हा मात्र वेगळा आजार आहे, आणि तो डोझ या बॅटरी बचतीच्या सोयीचा वाटतो. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद, फोन हलत नाही आणि चार्जरही नाही अशी स्थिती काही काळ राहिली की फोन ॲपचे नेटवर्क तोडतो आणि मधूनमधून थोडा वेळच उघडतो. आता तुम्ही म्हणाल की फोन चार्जरला लावलेला आहे. तर मला सांगा, पाळी सुटल्यावर त्या भिंतीवरच्या प्लगमध्ये वीज असते का?

भट्टीकाठ
मावशी, आज संध्याकाळी मुद्दाम थांबून पाहिले. पाळी सुटल्यावर पॅनेलवाला त्या भागाचा मेन स्विच पाडतो आणि आमचा प्लग त्याच लाइनवर आहे. म्हणजे फोन रात्रभर बॅटरीवर, एका जागी, काळ्या स्क्रीनने पडून असतो. बोर्डाला मात्र भट्टीच्या पाण्याच्या पंपाच्या लाइनवरून वीज आहे, कारण भट्टी बंद झाल्यावरही पाणी बराच वेळ फिरवावे लागते. आकडे त्याच वेळी हवे असतात आणि नेमके त्याच वेळी जात नाहीत.

स्क्रिप्टबद्दलचा अंदाजही बरोबर आहे. दर वाचनाला ती तीन-चार आज्ञा सुरू करते आणि नोंदीची फाइल पाहणारे आणखी काही तिच्यासोबत चालू असतात.

मोडेम मावशी
मग फोनही पंपाच्याच लाइनवर घ्या. टर्मक्सची बॅटरी सेटिंग ‘अनिर्बंध’ करा आणि टर्मक्सच्या सूचनेतले ‘वेकलॉक’चे (फोनला झोपू न देणारे) बटण दाबा. नुसता वेकलॉक पुरत नाही, कारण डोझमध्ये फोन त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. ॲप बॅटरी बचतीतून वगळलेले असेल तरच त्याला मान मिळतो. शिवाय काही फोन कंपन्यांची स्वतःची वेगळी ‘बचत’ असते, ती दुसऱ्याच मेनूत लपलेली असते. तीही शोधून बंद करा.

शून्य पूर्णांक
नेटवर्क राहू द्या बाजूला, बॅटरीचे पाहा. जुना फोन कायम पूर्ण चार्ज ठेवून भट्टीच्या शेजारी टांगला तर बॅटरी फुगते. लिथियम-आयन पेशी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा सर्वसाधारण दंडक आहे आणि भट्टीजवळची भिंत मे महिन्यात त्याच्या पुढे सहज जाते. मागचे झाकण उचललेले दिसले की त्याच दिवशी फोन काढा. शक्य असेल तर तो केबिनमध्ये ठेवा आणि चार्जर टायमरवर लावा.

राजारामपुरी सातवी गल्ली
आणि मी पुन्हा विचारतो, कॉइलच्या पाण्याची सुरक्षा या फोनवर अवलंबून आहे का? तसे असेल तर हा धागा इथेच थांबवून आधी भट्टी थांबवा.

भट्टीकाठ
नाही. पाण्याचा प्रवाह घटला की भट्टी बंद पाडणारा फ्लो स्विच पॅनेलमध्ये तारेने जोडलेला आहे आणि तो कोणालाच विचारत नाही. आम्हाला हवी आहे ती फक्त नोंद, म्हणजे स्विच पडण्याआधी आठवडाभर तापमान कसे चढत गेले हे कळावे. फोनची जागा मात्र उद्याच बदलतो.

राजारामपुरी सातवी गल्ली
मग ठीक. आता तुमच्या फोनला माझा आशीर्वाद आहे.

उद्यमनगरी
काल रात्री विचार करताना वाटले की आपण सगळे गाडीला बैल मागून जुंपतो आहोत. फोनने बोर्डाच्या वायफायवर जाण्याऐवजी बोर्डानेच फोनच्या हॉटस्पॉटवर यावे. ईएसपी-३२ ला दुसऱ्याच्या वायफायवर जोडून घेणे सहज जमते. असे केले की फोनचे मुख्य नेटवर्क निर्विवादपणे मोबाइल डेटा राहते, आणि हॉटस्पॉटवर आलेल्या यंत्रांसाठी अँड्रॉइडमध्ये वेगळा स्थानिक तक्ता असतो, जो सगळ्या ॲपना मुख्य नेटवर्कच्या आधी लागू होतो. म्हणजे टर्मक्समधूनही बोर्ड दिसेल आणि सर्व्हरही. वेगळे ॲप नको, राउटरही नको.

अडचण एक आहे. अँड्रॉइड ११ पासून हॉटस्पॉटची पत्त्यांची मालिका ठरलेली नसते, त्यामुळे बोर्डाचा पत्ता प्रोग्राममध्ये कायमचा लिहून चालणार नाही.

पाचगाव
एमडीएनएस (स्थानिक नेटवर्कवर मल्टिकास्टने नावे शोधण्याची पद्धत) वापरून बोर्डाला नावाने शोधता येणार नाही का?

जुनी वायर
त्या वाटेला जाऊ नका. वायफायवरचे मल्टिकास्ट (अनेकांना एकदम उद्देशून पाठवलेले) पॅकेट फोन बॅटरी वाचवण्यासाठी गाळून टाकतो आणि ते हवे असतील तर ॲपला वेगळी परवानगी आणि वेगळा लॉक घ्यावा लागतो. लॅपटॉपवरून आणलेल्या प्रोग्रामला याची कल्पनाच नसते. तो नुसता ऐकत बसतो.

त्यापेक्षा दिशा उलटी करा. हॉटस्पॉटवर आलेल्या बोर्डाला डीएचसीपीतून (पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा, पत्ता मिळतो, आणि तो गेटवे म्हणजे तुमचा फोनच. बोर्डाला सांगा की दर काही सेकंदांनी गेटवेच्या पत्त्यावर आकडे पाठव. फोनवरच्या प्रोग्रामने फक्त कान देऊन बसायचे. मालिका कितीही बदलली तरी बोर्डाला गेटवे सापडतोच. फक्त ऐकण्यासाठी ५०२ पोर्ट घेऊ नका. १०२४ च्या खालचे पोर्ट रूटशिवाय उघडत नाहीत. टर्मक्समधला एसएसएच सर्व्हर २२ ऐवजी ८०२२ वर बसतो तो याचमुळे. तुम्ही १५०२ घ्या.

इचलकरंजीचा माग
यात एक भर. टर्मक्समध्ये मॉस्किटो हा एमक्यूटीटी सर्व्हर तयार मिळतो आणि त्याचे पोर्ट १८८३ असल्यामुळे रूट लागत नाही. बोर्डाने फोनवरच्या मॉस्किटोला आकडे द्यावेत आणि मॉस्किटोने ‘ब्रिज’ होऊन ते कार्यालयाकडे पाठवावेत. टॉवर गेला तर तो संदेश रांगेत धरून ठेवतो आणि नेटवर्क आल्यावर सोडतो, फक्त त्यासाठी क्यूओएस १ (पोच मागणारी पातळी) ठेवा.

कळंबा तलाव
म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी धागा काढला, त्याचीच नोकरी गेली.

भट्टीकाठ
नोकरी गेली नाही, बदली झाली. आकडेमोड आम्हाला हवी आहे, म्हणून प्रोग्राम ठेवला आहे. तो आता फोनवरच बांधला, १५०२ वर ऐकतो आणि निकाल शेजारच्या मॉस्किटोला देतो. स्क्रिप्ट काढून टाकली. बोर्ड हॉटस्पॉटवर आणला. नाव सापडते, बोर्ड आणि सर्व्हर एकाच वेळी सापडतात, आणि पंपाच्या लाइनवर आल्यापासून रात्रीचे आकडेही सलग आहेत.

एक नवी अडचण मात्र आली. मॉस्किटोपासून कार्यालयापर्यंतची जोडणी टीएलएसने (कूटबद्ध), ८८८३ वरून आहे. कार्यालयाचे प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच तयार केले आहे. ते मी फोनच्या सेटिंगमध्ये रीतसर बसवले, तरी ‘प्रमाणपत्र ओळखत नाही’ अशीच तक्रार येते.

जुनी वायर
सेटिंगमध्ये बसवलेले प्रमाणपत्र वापरकर्त्याच्या खात्यात जाते, आणि अँड्रॉइड ७ पासून ॲप्स ते आपणहून मानत नाहीत. टर्मक्समधल्या प्रोग्रामांना तर त्या जागेचा पत्ताच नसतो, ते स्वतःच्या फोल्डरमधला प्रमाणपत्रांचा गठ्ठा पाहतात. कार्यालयाच्या प्रमाणपत्राची फाइल टर्मक्सच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मॉस्किटोच्या ब्रिजच्या सेटिंगमध्ये तिचा मार्ग स्पष्ट लिहा. पडताळणी बंद करण्याचा पर्यायही तिथेच दिसेल, त्याला हात लावू नका.

पन्हाळ्यावरून
आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘कोणी जोडलेले नसेल तर आपोआप बंद’ असा खटका असतो, तो काढून टाका. बोर्ड दुरुस्तीला काढला की हॉटस्पॉट झोपी जाईल, आणि परत लावल्यावर बोर्ड बिचारा हाका मारत बसेल. फोन पुन्हा सुरू झाल्यावरही हॉटस्पॉट हाताने चालू करावा लागतो, हे पाळीवरच्यांना सांगून ठेवा.

भट्टीकाठ
प्रमाणपत्राचा मार्ग लिहिला, जोडणी झाली. हॉटस्पॉटचा खटका आमच्या फोनमध्ये ‘प्रगत’ या भागात होता, तो काढला. फोन सुरू झाल्यावर काय काय दाबायचे याचा कागद केबिनच्या दारावर चिकटवला आहे.

साखरशाळा
उशिरा आलो, पण सगळा धागा वाचला. माझ्याकडे जुना आयफोन पडून आहे. गुऱ्हाळावरच्या काहिलीचे तापमान नोंदवायला त्यावर हीच मांडणी जमेल का?

मोडेम मावशी
नाही. आयओएसमध्ये ॲप पडद्याआड गेले की थोड्याच वेळात ते गोठवले जाते आणि पोर्टवर कान देऊन रात्रभर बसण्याची मुभा तिथे साध्या ॲपला नाही. आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कवरच्या यंत्राशी बोलायलाही वेगळी परवानगी विचारली जाते. स्क्रीन सतत चालू ठेवून एखादे ॲप समोर ठेवता येईल, पण काहिलीशेजारच्या वाफेत आणि धगीत तो फोन किती दिवस टिकेल हे तुम्हीच ठरवा. तो विकून जुना अँड्रॉइड घ्या, आणि वर शून्य पूर्णांक यांनी बॅटरीबद्दल लिहिलेले आधी वाचा.